मागे राहिलेली बावीस माणसे



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावर येऊन ध्रुवप्रदेशाविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. ध्रुवावरच्या सफरींची पुस्तके मी बरीच वाचली. ती वाचताना एक गोष्ट मला नेहमी खटकत आली. पुस्तक सदोदित पुढे जाणाऱ्या नायकाबरोबर चालते. मागे थांबलेल्या माणसांकडे वळून पाहते ते एखाद्या प्रकरणापुरते. म्हणून आज मी आपल्याला अशा एका जागेची माहिती सांगणार आहे, जिथे मागे थांबणे हेच खरे काम होते.

दक्षिण अमेरिकेचे शेवटचे टोक म्हणजे केप हॉर्न. तिथून आग्नेयेला साडेपाचशे मैलांवर, ६१ अंश दक्षिण अक्षांशाच्या किंचित पलीकडे, एलिफंट नावाचे बेट आहे. साउथ शेटलंड द्वीपसमूहाच्या पूर्वेकडच्या टोकाचे हे बेट. एलिफंट सील नावाचा अजस्र जलचर तिथे सापडे, त्यावरून हे नाव पडले. हत्तीचा त्याच्याशी संबंध नाही. बेट बहुतेक सारे बर्फाने झाकलेले आहे. किनारा म्हणजे समुद्रातून सरळ वर उठलेले काळे कडे आणि त्या कड्यांच्या मधून समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या. झाड नाही, झुडूप नाही. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर एका कड्याच्या पायथ्याशी खडक आणि गोटे यांची एक चिंचोळी जीभ समुद्रात शिरली आहे. जागा फार तर एक-दोन एकर. एका अंगाला हिमनदी, दोन अंगांना समुद्र आणि टोकाला उभा खडक. नकाशात या जागेला आज पॉइंट वाइल्ड म्हणतात; पूर्वी केप वाइल्ड म्हणत. 'वाइल्ड' म्हणजे रानटी असा अर्थ तिथल्या वाऱ्याला शोभला असता, पण हे एका माणसाचे आडनाव आहे. तो माणूस म्हणजे फ्रँक वाइल्ड, इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातला जुना दर्यावर्दी. या जागेवर १९१६ साली एप्रिलपासून ऑगस्टअखेरपर्यंत बावीस माणसे त्याच्या हाताखाली राहिली आणि बावीसच्या बावीस जिवंत परतली.

ती तिथे पोहोचली कशी, हे थोडक्यात सांगतो, कारण तो भाग पुष्कळांनी वाचलेला असेल. अर्नेस्ट शॅकल्टनला दक्षिण ध्रुवखंड एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत ओलांडायचे होते. त्याचे जहाज 'एंड्युरन्स' ऑगस्ट १९१४ मध्ये, युरोपात महायुद्ध पेटले त्याच आठवड्यात, इंग्लंडहून निघाले. जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रात ते बर्फात अडकले. दहा महिने बर्फाने त्याला आवळत आवळत आणले. २७ ऑक्टोबरला माणसांनी जहाज सोडले आणि २१ नोव्हेंबरला ते बुडाले. अठ्ठावीस माणसे, तीन होड्या आणि खाली तरंगणारी बर्फाची लाद, एवढेच उरले. याच जहाजाचे अवशेष ५ मार्च २०२२ रोजी समुद्राखाली तीन हजार मीटरांवर सापडले. मागच्या अंगावर कोरलेले नाव अजून वाचता येते.

पण जहाज बुडाले त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्याकडे कथाकारांचे लक्ष कमी जाते. त्या काळच्या ब्रिटिश जहाजांवर सर्वसाधारण नियम असा होता की जहाज बुडाले की खलाशाचा करार संपला आणि त्या दिवसापासून पगार बंद. माणूस लाटांत हातपाय मारीत असतो तेव्हा कचेरीत त्याचे नाव हजेरीपटावरून कमी झालेले असते. याच कायद्याखालच्या जहाजांवर आपल्या रत्नागिरीचे आणि गोव्याचे खलाशीही राबत होते, तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही. पुढे १९२० साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेची परिषद जेनोआला भरली. जहाज बुडाल्यामुळे बेकार झालेल्या खलाशाला दोन महिन्यांपर्यंतचा पगार भरपाई म्हणून मिळावा, असा ठराव तिथे झाला. ब्रिटनने त्यानुसार १९२५ साली कायदा केला. म्हणजे ही गोष्ट घडली तेव्हा हे काहीच नव्हते.

'एंड्युरन्स'चा सुतार होता हॅरी मॅकनिश. स्कॉटलंडमधल्या पोर्ट ग्लासगोचा, चाळिशी ओलांडलेला, जिभेचा फटकळ, धर्माने कडवा आणि मताने समाजवादी. मोडलेल्या जहाजाच्या लाकडांतून एक लहान गलबत बांधावे अशी सूचना त्याने केली. ती मानली गेली नाही. त्याच्या लाडक्या मांजराला उपयोगाचे नाही म्हणून गोळी घालण्यात आली. ते तो मरेपर्यंत विसरला नाही. डिसेंबर १९१५ मध्ये शॅकल्टनने होड्या बर्फावरून ओढीत पश्चिमेकडे जाण्याचा हुकूम दिला. दमलेली माणसे ओल्या, भुसभुशीत बर्फात गुडघाभर रुतत होती आणि होड्यांचे तळ खरवडून निघत होते. २७ डिसेंबरला मॅकनिश उभा राहिला आणि म्हणाला की जहाज गेले, करार गेला, आता हुकूम मानण्याचे मला बंधन नाही.

शॅकल्टनने सगळ्यांना गोळा करून करारनामा वाचून दाखविला. या सफरीच्या करारात एक जादा कलम होते: जहाजावर, होडीत किंवा किनाऱ्यावर कप्तान सांगेल ते काम करावे लागेल. आणि सुरक्षित बंदरात पोहोचेपर्यंत पगार चालू राहील, अशी हमी त्याने दिली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सुतार हरला. पण सामान्य खलाशाला माहीत असलेल्या नियमाने पाहिले तर तो काही वेडेवाकडे बोलत नव्हता. आणि बर्फाची परिस्थिती त्याने ओळखली होती तशीच निघाली, कारण दोनच दिवसांनी ती ओढाओढ सोडून द्यावी लागली. माझे मत विचाराल तर अशा जागी नेत्याला शिस्त राखणे भाग होते, यात मला शंका नाही. पण वाद मिटल्यावर तो मनात धरून ठेवणे भाग नव्हते. शॅकल्टनने तो धरून ठेवला. त्याचा हिशेब पुढे येतो.

एप्रिल १९१६ मध्ये बर्फ फुटले आणि अठ्ठावीस माणसे तीन होड्यांतून निघाली. १५ एप्रिलला ती एलिफंट बेटाच्या पूर्व टोकाला लागली. जवळजवळ सोळा महिन्यांनी पाय जमिनीला टेकले होते. पण ती जागा भरतीच्या लाटांखाली जाणारी होती. दुसऱ्या दिवशी फ्रँक वाइल्ड एक होडी घेऊन किनाऱ्याने शोध करायला गेला आणि सात मैलांवर त्याला ही गोट्यांची जीभ सापडली. १७ तारखेला सगळे तिथे आले. त्या रात्रीच्या वादळात सगळ्यात मोठा तंबू फाटून चिंध्या झाला. जागेला वाइल्डचे नाव दिले, आणि खलाशांनी त्या नावात भर म्हणून एक शिवीही घातली.

बेट जहाजांच्या वाटेवर नव्हते. कोणी शोधायला येईल ही आशाच नव्हती, कारण ती इथे आहेत हे जगात कोणाला माहीतच नव्हते. तेव्हा कोणीतरी जाऊन सांगायला हवे. आठशे मैलांवर साउथ जॉर्जिया बेटावर व्हेल-शिकाऱ्यांची ठाणी होती. तिथवर जायचे ते साडेबावीस फूट लांबीच्या उघड्या होडीतून, जगातल्या सगळ्यात खवळलेल्या समुद्रावरून. या होडीचे नाव 'जेम्स केर्ड'. आणि इथे पुन्हा सुताराची गरज पडली.

मॅकनिशजवळ लाकूड नव्हते, खिळे नव्हते, कारखाना नव्हता. त्याने खोक्यांची झाकणे घेतली, बर्फगाडीच्या घसरपट्ट्या घेतल्या, दुसऱ्या होडीची डोलकाठी काढून ती 'केर्ड'च्या पोटात तळाच्या कण्याला लांबीने बांधली, म्हणजे लाटेवर होडी कण्यात मोडू नये. वरून कॅनव्हासचे छत ताणले. कॅनव्हास गोठून पत्र्यासारखा झाला होता. चरबीच्या शेगडीवर तो इंच इंच वितळवीत दोन माणसांनी सुया घालून शिवला. फटी बुजवायला दिव्याची वात, चित्रकार मार्स्टनचे तैलरंग आणि सीलचे रक्त वापरले. चार-पाच दिवसांचे हे काम. ध्रुवसफरींच्या इतिहासात होकायंत्र धरणाऱ्यांची चित्रे पुष्कळ आहेत. या शिलाईचे आणि या बुजवणीचेही एखादे चित्र असायला हवे होते.

२४ एप्रिलला शॅकल्टन, वर्स्ली, क्रीन, मॅकार्थी, व्हिन्सेंट आणि स्वतः मॅकनिश असे सहाजण निघाले. १० मे रोजी ते साउथ जॉर्जियाच्या निर्जन बाजूला लागले. त्यांतले तिघे आधी कोणी न ओलांडलेले डोंगर ओलांडून २० मे रोजी वस्तीला पोहोचले. त्या तिघांच्या बुटांना बर्फावर पकड यावी म्हणून होडीतले स्क्रू काढून तळव्यांत बसविले होते, तेही सुतारानेच. हा प्रवास जगप्रसिद्ध आहे, म्हणून मी त्यावर अधिक बोलत नाही. मी कड्यावर परत येतो.

कड्यावर बावीस माणसे उरली. त्यांत दोन डॉक्टर होते, शास्त्रज्ञ होते, छायाचित्रकार हर्ली होता, इंजिनियर होते, आचारी ग्रीन होता आणि मासेमारीच्या बोटींवरून आलेले साधे खलाशी होते. चोरून जहाजावर चढलेला वेल्सचा पोरगा पर्स ब्लॅकबरो होता आणि त्याच्या पायाची बोटे हिमदंशाने काळी पडली होती. कित्येकांची अवस्था अशी की बसवले तर बसून राहतील आणि झोपवले तर उठणार नाहीत. अशा माणसांना साडेचार महिने जगवायचे होते.

प्रथम घर. त्यांनी हिमनदीच्या कडेला गुहा खोदून पाहिली. ती पाण्याने भरू लागली. मग दगड रचून सुमारे चार फूट उंचीच्या दोन भिंती उभारल्या, उरलेल्या दोन होड्या त्यांवर उपड्या ठेवल्या आणि फाटक्या तंबूचे कापड कडेने लावले. झाले घर. आत ताठ उभे राहता येत नसे. काही माणसे वर, उपड्या होडीतल्या आडव्या फळ्यांवर झोपत. बाकीची खाली गोट्यांवर. मध्ये चरबीची शेगडी. तिच्या काजळीने सगळ्यांचे चेहरे एका रंगाचे झाले आणि कोण शास्त्रज्ञ, कोण खलाशी हे ओळखू येईना. क्रोनॉमीटरच्या पेटीची काच एका भिंतीत बसवून खिडकी केली. डब्यात चरबीचे तेल आणि डॉक्टरांच्या पट्टीची वात, असा दिवा केला. ऊब वाढली की खालचे बर्फ वितळे आणि ते पाणी पेंग्विनांच्या शेकडो वर्षांच्या विष्ठेत मिसळून अंथरुणाखाली साचे. मग मध्यरात्री उठून ते उपसावे लागे.

घरापेक्षा महत्त्वाची होती वाटणी. जिथे अन्न थोडे आणि माणसे पुष्कळ, तिथे भांडण अन्नाच्या कमीपणामुळे जेवढे होते, त्याहून वाटणीच्या संशयामुळे अधिक होते. हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. संपातले धान्यवाटप ज्यांनी केले आहे ते सारे हे जाणतात. या मंडळींनी बर्फावर असल्यापासून एक साधी रीत पाळली होती. वाढणारा एका वाट्यावर हात ठेवून विचारी, हा कोणाचा? पाठ फिरवून बसलेला दुसरा माणूस मनात येईल ते नाव घेई. वाटा लहान निघाला तर दोष कोणाला देणार? झोपण्याच्या पिशव्यांचीही गोष्ट तशीच. केसाळ कातड्याच्या पिशव्या अठरा होत्या, बाकीच्या नुसत्या लोकरीच्या. चिठ्ठ्या टाकून वाटल्या, आणि अधिकाऱ्यांच्या वाट्याला लोकरीच्याच बऱ्याच आल्या. चिठ्ठ्यांत काहीतरी हातचलाखी होती, असे खलाशांना वाटले. ती त्यांच्या बाजूची होती, म्हणून कोणी तक्रार केली नाही! कड्यावरच्या त्या झोपडीत शेगडीजवळची जागा सगळ्यांना हवी. तेव्हा प्रत्येक जेवणाला प्रत्येकाने एक जागा पुढे सरकायचे, म्हणजे आज दाराशी कुडकुडणारा फिरत फिरत शेगडीशी येई.

दुसरा एक नियम सभ्य सभेत सांगावा की नाही, असा मला प्रश्न पडला होता. पण माणसे अशाच नियमांवर जगतात. रात्री बाहेर वादळ, म्हणून आत एक पेट्रोलचा डबा लघवीसाठी ठेवलेला असे. जो माणूस तो डबा काठाखाली दोन इंचांपर्यंत भरील, त्याने तो बाहेर नेऊन ओतायचा. परिणाम असा झाला की रात्री अंथरुणात पडल्या पडल्या डब्याचा आवाज ऐकून तो किती भरला याचा अंदाज घेण्यात सगळे तरबेज झाले, आणि डबा भरत आला की कोणालाच जाग येईना.

या सगळ्यावर वाइल्डची देखरेख होती. त्याची पद्धत गंमतीची होती. हवा निवळली की तो सकाळी सगळ्यांना सांगे, अंथरुणे गुंडाळा, आज साहेब येण्याचा संभव आहे. साहेब काही येत नसे. पण अंथरुणे गुंडाळली जात, आणि ज्या माणसाने सकाळी अंथरूण गुंडाळले तो दिवसभर त्यात पडून राहत नाही. कोठीवाल्या ऑर्ड-लीसचे म्हणणे असे की पेंग्विन आणि सील मारून हिवाळ्याचा भरपूर साठा करून ठेवावा. वाइल्ड ते मानीना. फार साठा केला तर माणसांना वाटेल की सुटकेची आशा मी सोडली. हिशेबाने पाहता कोठीवाला बरोबर होता, हे मी स्पष्ट म्हणतो; ऑगस्टमध्ये अन्न इतके तुटले की खडकांवरचे शिंपले आणि शेवाळ गोळा करून उकळण्याची पाळी आली. पण वाइल्ड पेंग्विनांचा हिशेब मांडत नव्हता. त्याच्या वहीत बावीस मने होती, आणि त्या वहीत त्याला खोट येऊ द्यायची नव्हती.

१५ जूनला ब्लॅकबरोच्या डाव्या पायाची बोटे कापावी लागली. शेगडी भडकवून झोपडी तापविली, कारण गारठ्यात क्लोरोफॉर्मची वाफच होत नाही. बाकीच्यांना बाहेर काढले, हत्यारे उकळली, मॅकलिनने गुंगी दिली आणि मॅकिल्रॉयने शस्त्रक्रिया केली. पोरगा शुद्धीवर आला तो विडी मागत. हसी नावाच्या हवामानशास्त्रज्ञाचा बँजो बुडत्या जहाजातून वाचला होता. शनिवारी रात्री त्यावर गाणी होत, आणि गाण्यांत एकमेकांची टिंगल असे. तंबाखू संपल्यावर काहींनी बुटांत भरायचे गवत जुन्या पाइपांबरोबर उकळून ते वाळवून ओढून पाहिले. त्याचा वास सगळ्यांना पुरला.

इकडे शॅकल्टन तीनदा निघाला आणि तीनदा परतला. मे महिन्यात 'सदर्न स्काय', जूनमध्ये उरुग्वे सरकारची बोट, जुलैमध्ये 'एम्मा'. प्रत्येक वेळी बर्फ आडवे आले. उरुग्वेच्या बोटीवरून तर बेट डोळ्यांना दिसले होते. कड्यावर यातले काही कळत नव्हते. ऑक्टोबर उजाडला तरी कोणी आले नाही तर होडी घेऊन डिसेप्शन बेटाकडे निघायचे, असे वाइल्डने ठरविले होते. चौथी बोट चिली देशाच्या आरमाराची 'येल्चो'. लहानशी वाफेची बोट. बर्फाच्या समुद्रासाठी ती बांधलेलीच नव्हती आणि तिच्यावर बिनतारी यंत्रही नव्हते. तिचा कप्तान लुईस पार्दो.

३० ऑगस्टला दुपारी सीलच्या पाठीचे हाड उकळून वाढणे चालू असता बाहेर असलेल्या मार्स्टनने आत डोके घालून सांगितले, बोट आली आहे, धूर करायला हवा ना? ताटल्या सांडल्या. दारातून बाहेर पडायची एवढी घाई झाली की भिंतीचे कापड फाडून माणसे निघाली. निशाणकाठीचा दोर गोठलेला. निशाण वर जाईना. मॅकलिनने अंगातला कपडा काढून तो जाईल तेवढा वर चढविला, आणि तो अर्ध्यावर अडकला. बोटीवरून शॅकल्टनला दिसले ते अर्ध्यावर उतरवलेले निशाण. त्याचा अर्थ दर्यावर्दी माणसाला सांगावा लागत नाही. दुर्बीण लावून तो कड्याच्या पायथ्याशी हलणाऱ्या आकृत्या मोजू लागला, आणि बावीस भरल्यावरच त्याने दुर्बीण खाली घेतली. तासाभरात सगळे बोटीवर होते.

आता तो हिशेब. सफरीतल्या लोकांना ब्रिटिश सरकारचे ध्रुवपदक मिळाले. शॅकल्टनच्या शिफारशीत चार नावे गाळलेली होती: सुतार मॅकनिश, खलाशी व्हिन्सेंट, आणि कड्यावर वाइल्डबरोबर साडेचार महिने काढलेले दोघे, विल्यम स्टीफन्सन व अर्नेस्ट होलनेस. चौघेही हातांनी काम करणारे. होलनेस १९२४ साली मासेमारीच्या बोटीवरून लाटेने नेला. डॉक्टर मॅकलिनने पुढे स्पष्ट लिहिले की सुताराला पदक न देणे हा मोठा अन्याय झाला. मॅकनिश १९२५ साली न्यूझीलंडला गेला आणि वेलिंग्टनच्या गोदीत काम करू लागला. होडीच्या त्या प्रवासापासून हाडे दुखतात, असे तो सांगे. दुखापत झाल्यावर काम सुटले, आणि तो गोदीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झोपू लागला. गोदी कामगारांनी दरमहा वर्गणी काढून त्याला पोसले आणि वृद्धांच्या आश्रमात जागा मिळवून दिली. १९३० साली तो वारला तेव्हा आरमाराच्या सैनिकांनी सलामी दिली, पण थडग्यावर १९५९ पर्यंत दगड नव्हता. तो न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक सोसायटीने बसविला. २००४ साली त्याच्यावर ब्राँझचे मांजर बसवले आहे.

वाइल्डचेही पुढे बरे झाले नाही. दक्षिण आफ्रिकेत शेती बुडाली, मद्यालयात आणि खाणीच्या कोठारात नोकऱ्या केल्या, आणि १९३९ साली तो गेला. त्याच्या अस्थी २०११ साली सापडल्या. त्या साउथ जॉर्जियावर शॅकल्टनशेजारी पुरल्या आहेत.

कड्यावर आज वस्ती नाही. ब्रिटन, आर्जेंटिना आणि चिली हे तिघे बेटावर हक्क सांगतात. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने, ज्यात भारत १९८३ साली सामील झाला, ते हक्क आहेत तसे गोठवून ठेवले आहेत. झोपडीचे दगड लाटांनी नेले. गोट्यांच्या त्या जिभेवर कप्तान पार्दोचा धातूचा अर्धपुतळा चिलीने उभारला आहे, आणि त्याच्याभोवती हनुवटीखाली काळी रेघ असलेले चिनस्ट्रॅप पेंग्विन अंडी घालतात. १९७१ साली साऱ्या बेटावर त्यांची सव्वा लाखाच्या आसपास जोडपी होती. २०२० च्या मोजणीत ती निम्म्याहूनही कमी भरली.